रात्री दोन वाजता कूस कोण बदलतं?

दर दोन-चार महिन्यांनी असा एखादा व्हिडिओ येतोच. कुठल्यातरी वृद्धाश्रमातल्या आजी, हात पलंगाच्या दांडीला बँडेजने बांधलेले, कोणीतरी घाईघाईत मोबाईलवर शूट केलेलं. मग दोन दिवस सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाईकांच्या सगळ्या ग्रुपवर तेच भांडण. एक बाजू म्हणते पोटच्या पोरांनी टाकलं, संस्कार संपले. दुसरी म्हणते अहो नवराबायको दोघं नोकरीला, घर दोन खोल्यांचं, आईला डिमेन्शिया, रात्रभर झोप नाही, तुम्ही एक आठवडा सांभाळून दाखवा. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात खरं दुःख असतं हे मला कळतं, पण भांडण संपतं तेव्हा त्या आजींच्या हातावरचं बँडेज तसंच असतं. त्यांना तिथे कोणी आणून सोडलं यावर तीनशे मेसेज पडतात, आणि आत आल्यावर त्यांची जबाबदारी कोणाची, त्या रात्री ड्युटीवर किती माणसं होती, हात बांधायला कोणी सांगितलं, यावर एकही नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. जिथे अंथरुणाला खिळलेली किंवा स्वतःचं स्वतः करू न शकणारी म्हातारी माणसं पैसे घेऊन किंवा न घेता ठेवली जातात, ती प्रत्येक जागा आरोग्य खात्याकडे नोंदलेली असली पाहिजे, तिची न सांगता तपासणी झाली पाहिजे, तपासणीत काय सापडलं ते दारावर लावलं पाहिजे आणि रात्री किती माणसं जागी असतात हे तपासणीत पहिल्यांदा बघितलं पाहिजे. मुलं चांगली की वाईट हा प्रश्न त्या घराने त्या घरात सोडवावा. खोलीच्या आत काय चाललंय हा मात्र आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे.

हे मी बाहेरून बोलत नाहीये. माझी आत्या शेवटचे अकरा महिने एका केअर सेंटरमध्ये होती, पॅरालिसिसनंतर उजवी बाजू गेलेली, नाकातून पोटात जाणारी जेवणाची नळी म्हणजे राईल्स ट्यूब, लघवीची नळी म्हणजे कॅथेटर, महिना २२ हजार रुपये आणि डायपरचे वेगळे. जागा स्वच्छ होती, फिनेलचा वास यायचा, मावशी प्रेमळ होत्या. आम्ही रविवारी चारला जायचो तेव्हा तिला पावडर लावून, वेणी घालून, उशीला टेकवून बसवलेलं असायचं. एका रविवारी ती मला म्हणाली, अगं मला जरा कुशीवर कर. मी आणि मावशींनी मिळून वळवलं आणि माकडहाडापाशी जी जखम दिसली ती मी लिहून दाखवू शकत नाही, आत हाड दिसत होतं. मावशी रडायला लागल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही, म्हणाल्या ताई आम्ही दिवसा वळवतो हो, पण रात्री आम्ही दोघीच असतो आणि वर-खाली मिळून चौतीस पेशंट.

आता हे गणित कोणीही करू शकतं. जो माणूस स्वतः हलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर हाडाच्या वरची कातडी रक्त न मिळाल्याने मरायला लागते, यालाच बेडसोर म्हणतात. चौतिसातले वीस जण जरी पूर्ण अंथरुणावर धरले आणि एकेकाला दोघींनी मिळून वळवायला, डायपर बदलायला, परत नीट टेकवायला दहा मिनिटं धरली तरी एका फेरीला तीन तास वीस मिनिटं लागतात. म्हणजे त्या दोघी रात्रभर एक क्षण न बसता राबल्या असत्या तरी हे होऊ शकलं नसतं. आत्याची जखम कोणाच्या दुष्टपणाने झाली नव्हती आणि कोणाच्या संस्कारानेही टळली नसती, कारण तिथे दोन माणसं कमी होती. आणि तिथे दोन माणसं कमी आहेत हे बघणं या राज्यात कोणाचंच काम नव्हतं.

मी विचारत फिरले म्हणून सांगते. आरोग्य विभागाच्या एका कार्यालयात गेले तर म्हणाले हे हॉस्पिटल नाहीये, वृद्धाश्रम समाजकल्याणकडे येतो. समाजकल्याणच्या एका कार्यालयात गेले तर म्हणाले पेशंट बेडरिडन आहे, नळ्या लागल्यात, मग ते मेडिकल झालं, आमच्याकडे कसं येईल. अशा जागा बहुतेक वेळा ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात किंवा धंदा म्हणून शॉप ॲक्टखाली. पहिल्या नोंदणीत हिशेब बघतात, दुसरीत दुकान आणि नोकर. आत झोपलेल्या माणसाची पाठ कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

गंमत वाटेल असं नाही, वाईट वाटेल असं आहे, की कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे. मुंबई नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन ॲक्ट, ज्याला आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणतात. त्यात नर्सिंग होमची व्याख्या वाचा. आजारी, जखमी किंवा अशक्त, म्हणजे ज्याला इंग्रजी मसुद्यात ‘इन्फर्मिटी’ म्हटलंय, अशा माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा करण्याची कुठलीही जागा. ही शब्दरचना मुळात ब्रिटनच्या १९२७ च्या कायद्यातून आलीये. तिकडे पुढे नर्सिंग होम म्हटलं की म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी जागा असा अर्थ झाला, आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं वीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल, बाळंतपणं आणि अपेंडिक्स. शब्द एकच, दोन देशांत दोन वाटांनी गेला, आणि त्या फाट्यावर आपली म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला राहिली. कायद्यातली ‘अशक्त’ माणसं अजून कायद्यात आहेतच की, त्यांना तिथून कोणी काढलेलं नाही. २०२१ मध्ये याच कायद्याचे नियम बदलले तेव्हा रुग्णांच्या हक्कांची सनद त्यात आली. म्हणजे चार दिवस गॉलब्लॅडरसाठी ॲडमिट होणाऱ्या माणसाला हक्कांची सनद आहे आणि चार वर्षं त्याच पलंगावर काढणाऱ्या आजींना नाही, हे आपण कसं चालवून घेतो?

म्हाताऱ्यांसाठी म्हणून जो वेगळा कायदा आहे, २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा, त्याचंही लक्ष दाराबाहेरच जास्त आहे. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड. पोटगीसाठी ट्रिब्युनल. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा असंही कलम १९ मध्ये आहे, आणि सरकारने काढलेल्या त्या वृद्धाश्रमांना दर्जा ठरवून देण्याची सोयही आहे. पण रोज नवे निघणारे खाजगी केअर सेंटर? त्यांच्यासाठी नोंदणी आणि किमान दर्जा आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, समितीकडे गेलं, आणि ती लोकसभा संपली तरी पास झालं नाही. त्यावर आपल्या ग्रुपवर किती मेसेज आले होते? मला एकही आठवत नाही.

आता विरोधातलं बोलणं. त्यातलं बरंच वजनदार आहे आणि ते झटकून टाकणं अन्याय होईल. सगळ्यात मोठा मुद्दा छोट्या संस्था चालवणाऱ्यांचा आहे. एसटी स्टँडवरून, हॉस्पिटलच्या पायरीवरून उचलून आणलेली माणसं सांभाळणारी कितीतरी माणसं या राज्यात आहेत, पत्र्याची शेड, दोन गाई, देणगीतून आलेला तांदूळ. त्यांना उद्या फायर एनओसी आणा, नर्स ठेवा, अमुक फूट जागा दाखवा म्हटलं तर ते बंद करतील, आणि ती माणसं परत स्टँडवर जातील. ही भीती खोटी नाहीये, तिला इतिहास आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला पहाटे आग लागली, दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रमात मानसिक रुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवलं होतं, २८ जण पळू न शकल्याने जळून मेले. देश हादरला, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, आणि सरकारने आठवडाभरात तिथले सगळे तसे आश्रम बंद केले. बंद करणं सोपं होतं. पण जे नातेवाईक नाइलाजाने तिथे येत होते त्यांच्या दारात मानसोपचार काही आठवडाभरात पोचला नाही.

पण एरवाडीतून नोंदणी नको हा धडा निघत नाही. आग लागेपर्यंत वाट बघितली की मग कुलूप हा एकच उपाय हातात उरतो, असा तो धडा आहे. जी जागा वर्षानुवर्षं नोंदलेली आहे, जिथे कोणीतरी दर तीन महिन्यांनी जातं, तिथे साखळी पहिल्या भेटीत दिसते आणि दुसऱ्या भेटीपर्यंत काढायला लावता येते. पत्र्याच्या शेडवाल्यांना नोंदणीबरोबर सरकारने गादी द्यावी, एअर बेड द्यावा, जवळच्या आरोग्य केंद्रातली नर्स आठवड्यातून दोनदा पाठवावी. नियम सगळ्यांना एकाच दिवशी एकसारखे लावायची गरज नाही, दोन-तीन वर्षं द्या. पण किती माणसं आहेत आणि कुठे आहेत हे तरी आज कळलं पाहिजे ना? डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाला ज्येष्ठांच्या हक्काच्या निकालात केंद्राला सांगावं लागलं की राज्यांकडून प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची माहिती गोळा करा. मोजणीपासून सुरुवात करावी लागते इतके आपण मागे आहोत.

दुसरा मुद्दा मला जास्त अवघड वाटतो. लोक म्हणतात इन्स्पेक्टर आला की पाकीट आलं, आणि नोंदलेल्या हॉस्पिटलांचं तरी काय झालं ते बघा. बरोबर आहे. हॉस्पिटलांत लागलेल्या आगींचं २०२१ हे एकच वर्ष घ्या. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं गेली, २३ एप्रिलला विरारला आयसीयूत १५ पेशंट, ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलमध्ये निदान ११. भंडाऱ्यानंतर फायर ऑडिटच्या ऑर्डर निघाल्या होत्या आणि तरी नगर झालं. कागदावरच्या तपासणीने माणूस वाचत नाही हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही. पण यातली दोन हॉस्पिटलं सरकारची स्वतःची होती, म्हणजे चालवणारा तोच आणि तपासणाराही तोच, तिसरी नजरच नव्हती. बिहारमधलं मुझफ्फरपूर आठवा. ते बालिकागृह सरकारी अनुदानावर, सरकारी कागदांत नोंदलेलं होतं, तिथे अधिकारी जात होते, आणि तीसहून जास्त मुलींवर होणारे लैंगिक अत्याचार बाहेर आले ते टाटा इन्स्टिट्यूटच्या सोशल ऑडिटमुळे, २०१८ मध्ये, कारण ती माणसं बाहेरची होती आणि त्यांनी मुलींशी बोलायचं ठरवलं होतं. म्हणजे नोंदणी पुरत नाही हे मान्य, नोंदणीवर बाहेरची नजर हवी. बालन्याय कायद्यात ही नजर लिहून ठेवलीये, तीन महिन्यांतून एकदा तरी तपासणी समितीने जायचं, निदान तिघांनी, त्यात एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी. मुलांसाठी हे सुचलं. बोलता न येणाऱ्या, नळीवर जगणाऱ्या ऐंशीच्या आजोबांमध्ये आणि सहा वर्षांच्या पोरात असहायतेच्या हिशेबाने काय फरक आहे? उलट पोराच्या मागे कधीतरी मोठं होऊन बोलण्याची शक्यता तरी आहे.

न सांगता जाण्याचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा काढते त्याचं कारण कॅनडा. ओंटारिओत नियम आहेत, खातं आहे, इन्स्पेक्टर आहेत, सगळं आहे. पण २०१९ मध्ये ६२६ नर्सिंग होमपैकी सर्वांगीण तपासणी झाली फक्त ९ ठिकाणी, बाकी सगळीकडे तक्रार आली की तेवढ्यापुरतं बघणं. मग २०२० ला कोविड आला, नातेवाईकांना आत येणं बंद झालं, कर्मचारी आजारी पडले, मिलिटरी बोलवावी लागली, आणि मे मध्ये सैनिकांनी दिलेला रिपोर्ट जाहीर झाला. झुरळं, आठवडेच्या आठवडे आंघोळ नाही, आडवं ठेवूनच भरवल्यामुळे घास अडकलेला. श्रीमंत देश, शिकलेली माणसं, आणि फक्त बाहेरचा डोळा थांबला तर ही अवस्था. आपल्याकडे भिवंडी तालुक्यात सोरगावच्या वृद्धाश्रमात नोव्हेंबर २०२१ मध्ये साठाहून जास्त जणांना एकदम कोविड झाल्याचं कळलं, ते टेस्ट झाली म्हणून कळलं. जिथे टेस्ट झाल्याच नाहीत तिथलं कोण मोजणार?

अमेरिकेचं उदाहरण मात्र उमेद देणारं आहे. तिथे १९८७ पर्यंत नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना खुर्चीला, पलंगाला पट्ट्याने बांधणं ही रोजची गोष्ट होती, आणि कारण काय तर सुरक्षितता, पडतील म्हणून. आपल्याकडेही हेच कारण देतात. १९८७ च्या कायद्याने सांगितलं की शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायचं नाही, मदतनीस होण्याआधी निदान ७५ तासांचं ट्रेनिंग, आणि जास्तीत जास्त १५ महिन्यांत एकदा अचानक तपासणी. बांधणं उतरत गेलं, आणि बांधलं नाही म्हणून पडून हाडं मोडणं काही वाढलं नाही, कारण बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत पडतो आणि न हलवल्याने त्याचे पाय आणखी जातात. काहीजण म्हणतात सुरक्षिततेच्या नावाखाली तुम्ही म्हाताऱ्यांना कोंडाल, त्यांचा चहा, त्यांची तपकीर, गच्चीवर फिरणं सगळं काढून घ्याल. या भीतीचं उत्तर त्या कायद्यात आहे. सुरक्षितता मोजताना माणूस किती मोकळा आहे हेही मोजलं तर कोंडणं हा गुन्हाच ठरतो.

तिथेही अजून भयंकर गोष्टी होतात. फ्लोरिडात २०१७ च्या इर्मा वादळानंतर एका नर्सिंग होमचं एसी बंद पडलं, समोर रस्त्यापलीकडे हॉस्पिटल होतं आणि तरी उकाड्याने १२ म्हातारे गेले. त्यानंतर राज्याने नर्सिंग होमला जनरेटर सक्तीचा केला. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली झोपलेल्या, तहान लागली हे सांगू न शकणाऱ्या माणसांचा विचार हे वाचताना माझ्या मनात येतोच. पण एक फरक बघा. न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ घराजवळच्या कुठल्याही नर्सिंग होमचं नाव टाकून सरकारी साईटवर तपासणीत काय सापडलं, किती स्टार, स्टाफ किती, सगळं बघू शकतो. त्याची स्वतःची आई पुण्यात ज्या केअर सेंटरमध्ये आहे तिथलं त्याला बघायला मिळतात ते दिवाळीचे फोटो.

आणि खर्च. मालक म्हणतात फी वाढेल. वाढू दे, हिशेब करू. तीस जणांच्या जागेत रात्रीचं एक माणूस वाढवलं, १८ हजार पगार धरला, तर माणशी महिन्याला ६०० रुपये, दिवसाला २०. तेवढेही न परवडणारी घरं आहेत, त्यांच्यासाठी सरकारने भरावेत. मावशींचाही विचार यात आहे. बारा-बारा तासांची नाईट, ट्रेनिंग नाही, पाठीला बेल्ट नाही, ऐंशी किलोच्या माणसाला एकटीने उचलायचं आणि काही झालं की पहिली पोलिसात तीच. तिला दोषी धरून मालक आणि आपण दोघंही सुटतो.

आता संस्कारवाल्यांसाठी, कारण त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे आणि त्यांच्याबद्दल आदरही आहे. ते पुंडलिकाचं नाव घेतात. पुंडलिकाने देवाला विटेवर उभं केलं कारण त्या क्षणी आईवडिलांची सेवा चालू होती, हात गुंतलेले होते. त्या गोष्टीत महत्त्व हाताने चाललेल्या कामाला आहे, मग आज ते काम आपल्या घरातलं कोणी करत असेल किंवा नाईट ड्युटीची मावशी, ते नीट होतंय का हे बघणं हीच भक्ती नाही का? कुटुंब हेच खरं संरक्षण असं ते म्हणतात आणि आत्याच्या बाबतीत जखम शेवटी मीच बघितली हे खरं आहे. पण शेजारच्या पलंगावरच्या काकू, ज्यांना अकरा महिन्यांत भेटायला कोणी आलेलं मी पाहिलं नाही, त्यांना कुशीवर कोणी करून बघितलं?

१८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हाही गाव एकच वाद घालत होतं, विधवा बाईचं पाऊल घसरलंच कसं. त्या दोघांनी तो वाद बाजूला ठेवला, बाळ आज रात्री जिवंत राहील का एवढंच विचारलं, आणि त्यासाठी खोली, अंथरूण, बाळंतपणाची सोय केली. चूक कोणाची हे ठरेपर्यंत बाळ थांबू शकत नव्हतं. बेडसोरही थांबत नाही.

मी आमच्या भागाच्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दिलाय. १९४९ च्या कायद्यातल्या व्याख्येची ती ओळ उतरवून खाली विचारलंय की या ओळीत अंथरुणावरची म्हातारी माणसं येतात की नाही, येत असतील तर आमच्या वॉर्डातल्या केअर सेंटरची यादी आणि शेवटच्या तपासणीची तारीख द्या, येत नसतील तर तसं सहीनिशी लिहून द्या. अर्ज दीड पानाचा आहे, कोणीही आपल्या गावासाठी तसाच देऊ शकतं. इनवर्ड नंबर मिळालाय. तीन आठवडे झाले, उत्तर यायचंय, सोमवारी परत जाणार आहे.